विदर्भाच्या रणजी संघाला आता पाहुणे खेळाडू कशाला?

महालवाला
राजेहो, मार्च २०२५ मध्ये नागपूरजवळच्या जामठ्याला फायनलमध्ये केरळविरुद्ध आपण तिसऱ्यांदा रणजी जिंकली, तेव्हापासून हे लिहायचं होतं. विदर्भाच्या संघाला बाहेरून फलंदाज आणायची गरज संपली आहे. तरी दर हंगामाआधी "या वर्षी कोण येतो?" ही चर्चा सुरू होते. ती ऐकली की जीव जळतो.

२०१७-१८ ला आपण पहिल्यांदा जिंकलो, तेव्हाची परिस्थिती वेगळी होती, हे मला मान्य. १९५७-५८ पासून आपण रणजी खेळत होतो आणि साठ वर्षांत एकदाही फायनल पाहिली नव्हती. वसीम जाफर, गणेश सतीश आले, प्रशिक्षक म्हणून चंद्रकांत पंडित आले आणि संघाला जिंकायची सवय लागली. त्यांचं ऋण मोठं आहे. पण इंदूरच्या त्या फायनलमध्ये हॅटट्रिक घेऊन दिल्लीची कंबर मोडली रजनीश गुरबानीनं. शतक अक्षय वाडकरचं. कप्तान फैज फजल. पुढच्या वर्षी सौराष्ट्राविरुद्धच्या फायनलमध्ये पुजाराला दोन्ही डावांत बाद केलं आदित्य सरवटेनं, सामन्यात ११ बळी. आणि २०२४-२५ मध्ये हर्ष दुबेचे ६९ बळी, रणजीच्या एका हंगामातला विक्रम. यश राठोडच्या ९६० धावा, त्या हंगामात देशात सगळ्यात जास्त. दानिश मालेवारनं फायनलमध्ये १५३ केल्या.

हे सगळे इथल्या मैदानांवर घडलेले पोट्टे आहेत. एक पाहुणा आला की असाच एक पोट्टा बाहेर बसतो. करुण नायर आला, भरपूर धावा केल्या, भारताच्या संघात परत गेला आणि नंतर कर्नाटकात परतला. त्याची काहीच चूक नाही. पण त्याच्या जागेवर ज्याला बसवून ठेवलं, त्याची ती वर्षं कोण परत देणार?

धरमपेठकर
दादा, दानिशच्या १५३ सांगितल्या, समोर कोण उभं होतं ते नाही सांगितलं. २४ धावांत आपले तीन गेले होते. तिथून दानिश आणि करुणनं २१५ जोडल्या. एकवीस वर्षांचा पोरगा फायनलमध्ये २४ वर ३ असताना खेळतोय आणि दुसऱ्या टोकाला कसोटीत त्रिशतक ठोकलेला माणूस उभा आहे. त्यानं त्या पोराला काय दिलं हे धावफलकात दिसत नाही. करुण ८६ वर रनआउट झाला. दुसऱ्या डावात १३५ करून त्यानंच केरळला सामन्याबाहेर ठेवलं.

आणि कप कशावर मिळाला? सामना अनिर्णित, पहिल्या डावात आपल्या ३७९, त्यांच्या ३४२. फक्त ३७ धावांची आघाडी. त्या ८६ काढून टाका आणि मग सांगा कप कोणाच्या कपाटात असता.

महालवाला
काढून कशाला टाकायच्या? त्याच्या जागी कोणीतरी खेळलाच असता ना. तो शून्यावरच गेला असता असं गृहीत धरून आपण बोलतो, हेच मला खटकते. आपल्याच पोरांवर आपला विश्वास नाही.

त्याच फायनलमधलं आणखी एक सांगतो, जे आपण कोणी मोठ्यानं बोलत नाही. केरळकडून डावखुरी फिरकी टाकत कोण होतं? आदित्य सरवटे. २०१९ ला याच जामठ्याला आपल्याला कप जिंकून देणारा. तो तिकडून आपल्या पोरांना बाद करायचा प्रयत्न करत होता आणि मी स्टँडमध्ये टाळ्या वाजवाव्या की नाही या विचारात बसलो होतो.

धरमपेठकर
वाजवायला पाहिजे होत्या. तो आपला होता, आहे, आणि केरळच्या टोपीत आपला राहिला. हाच न्याय बाहेरून येणाऱ्याला का नाही? इंदूरच्या फायनलमध्ये दिल्लीकडून आपल्याविरुद्ध १४५ कोणी केल्या होत्या? ध्रुव शोरेनं. २०२५ ला तोच आपल्या संघात होता. खेळाडूचं आयुष्य दहा-पंधरा वर्षांचं. जिथे संधी तिथे तो जाईल. आपली पोरं बाहेर गेली तर "पोटासाठी गेला" आणि बाहेरचा आला तर "पाहुणा", हे बरोबर नाही.

जाफरचं तर बोलूच नका. चाळिशी गाठलेला माणूस २०१८-१९ ला एका रणजी हंगामात हजारावर धावा करतो. आपल्या पोरांनी तो रोज नेट्समध्ये पाहिला. दानिश, यश यांच्या आधीची पिढी फलंदाजी शिकली कोणाकडून?

अंबानगरी
दोघांचंही वाचून राहिली आहे केव्हाची. तुम्ही "आपले, इथले" म्हणता तेव्हा तुमच्या डोळ्यासमोर नागपुरातलं महाल आणि धरमपेठच असतं, असं मला वाटते. विदर्भात अकरा जिल्हे आहेत, भाऊ. भारताकडून खेळलेला जितेश शर्मा आमच्या अमरावतीचा. उमेश यादव खापरखेड्याकडचा, वडील कोळसा खाणीत कामाला, आणि विदर्भाकडून खेळून कसोटीपर्यंत पोचलेला पहिला तोच. मोठं मैदान जामठ्याला, जुनं सिव्हिल लाइन्सला. म्हणजे दोन्ही नागपुरातच.

माझा भाचा वेगवान टाकतो. सोळा वर्षांचा आहे. त्याला पुढे खेळायचं तर नागपुरात खोली करून राहावं लागणार, शाळा सोडून नाहीतर सांभाळून. घरात तीन महिने यावरच बोलणं सुरू आहे. गडचिरोली, बुलढाण्याच्या पोरांचं तर मग विचारूच नका. मुंबई आपल्याकडे पाहत नाही म्हणून आपण ओरडतो, आणि नागपूर आमच्याकडे तसंच पाहते. करुण नायरनं कोणाची जागा घेतली हे विचारण्याआधी, गडचिरोलीचा पोरगा त्या रांगेत उभाच का नव्हता, हे विचारा.

महालवाला
ताई, हे मनाला लागलं. पण म्हणूनच माझं म्हणणं आणखी ठाम आहे. बाहेरचा आणायला जो पैसा आणि जो वेळ जातो, तो चंद्रपूर-यवतमाळच्या मैदानांवर जाऊ द्या.

अंबानगरी
जाईल का? कप जिंकणारा संघ असताना जे मैदान झालं नाही, ते पाहुणा न आणल्यानं होईल हे मला पटत नाही.

फाजल अली १९५५
मुद्दा क्रिकेटपुरता ठेवू नका राजेहो. फाजल अली यांच्या राज्य पुनर्रचना आयोगानं १९५५ ला वेगळ्या विदर्भाची शिफारस केली होती. ती डावलली गेली, आपण १९५६ ला मुंबई राज्यात गेलो आणि १९६० ला महाराष्ट्रात. विदर्भाला न्याय्य वाटा कबूल करणारा १९५३ चा नागपूर करार कागदावर राहिला. त्यातलं विधिमंडळाचं नागपूरचं हिवाळी अधिवेशन तेवढं दरवर्षी डिसेंबरात येते आणि जाते. विदर्भ पूर्णपणे स्वतःच्या हातानं चालवतो असं एकच मोठं क्षेत्र आहे, क्रिकेट. स्वतःची संघटना, स्वतःची निवड, स्वतःचं नाव. निकाल काय? तीन रणजी. २०२५ च्या सेमीफायनलमध्ये मुंबईला ८० धावांनी हरवलं. आपला कारभार आपल्या हाती दिला की काय होते, याचा याहून मोठा पुरावा कोणता पाहिजे?

धरमपेठकर
२०२४ च्या फायनलमध्ये वानखेडेवर मुंबईनं आपल्याला १६९ धावांनी हरवलं, तेव्हा वेगळ्या विदर्भाचा मुद्दा संपला होता का? नव्हता. मग जिंकल्यावर तो सिद्धही होत नाही.

मला वेगळ्या राज्याची मागणी खोटी वाटत नाही. सिंचनाचा अनुशेष खरा आहे, १९८४ च्या दांडेकर समितीनं तो मोजून मांडला होता. पण कन्नमवार, वसंतराव नाईक, सुधाकरराव नाईक, फडणवीस, एवढे मुख्यमंत्री विदर्भानं दिले. वसंतराव तर अकरा वर्षांवर राहिले. खुर्चीवर आपला माणूस असूनही अनुशेष राहिला, याचं उत्तर आधी द्यावं लागेल. ते क्रिकेटच्या कपात सापडणार नाही. आणि एक गंमत पहा: ज्या संघाला तुम्ही स्वराज्याचा पुरावा म्हणता, तो मुंबईच्या जाफर-पंडितांना घेऊन पहिल्यांदा जिंकला.

फाजल अली १९५५
त्यांना बोलवायचं हे ठरवलं कोणी? आपणच. वेगळं राज्य म्हणजे बाहेरच्यांना दार बंद, असं मी कधीच म्हटलं नाही. कोणाला घ्यायचं याचा निर्णय आपला असावा, एवढीच तर मागणी आहे.

वडसाकर
मी झाडीपट्टीतला, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानाच्या पट्ट्यातला. आमच्याकडे धान निघालं की रात्रभर नाटकं चालतात, गावोगावी, आणि कंपन्यांचं ठाणं आमचं वडसा. नागपूर, पुण्या-मुंबईकडचे कलाकार बोलावले जातात, पोस्टरवर त्यांचं नाव मोठं असते. त्यांच्यामुळे तिकीट खपते, हे खरं. पण रात्री दोन वाजता, थंडीत, मंडप जागा ठेवतो तो आमचा विनोदी नट, आमच्या बोलीत. म्हणून मी धरमपेठकर भाऊंशी अर्धाच सहमत आहे. पाहुणा यावा, पण नाटक त्याच्याभोवती लिहू नये.

याच्याशी जोडून एक. टीव्हीवरच्या मालिकेत वऱ्हाडी किंवा झाडी बोलणारा माणूस दिसला की तो हसवायलाच असतो. डॉक्टर, वकील, घराचा कर्ता, सगळे पुणेरी बोलतात. आपली पोरं हेच पाहून मोठी होतात आणि चार लोकांत तोंड उघडायला लाजतात. मले तर सामन्यानंतर कोणी विदर्भाचा खेळाडू "आम्ही खेळून राहिलो होतो" असं माइकसमोर बिनधास्त बोलला, तर कपाइतकाच आनंद होईन.

अंबानगरी
वडसाकर दादा, हे अगदी माझ्या मनातलं बोललात.

महालवाला
दादा, "नाटक त्याच्याभोवती लिहू नये" हेच माझं म्हणणं आहे, फक्त मला ते नियमात पाहिजे. एका वेळी एकच पाहुणा, तोही दोन हंगामांपुरता. आणि त्याची निवड करताना एक अट, की त्याच जागेवरच्या इथल्या एका पोराला त्यानं वर्षभर सोबत घेऊन तयार करायचं.

धरमपेठकर
दोन हंगामांची मर्यादा असती तर गणेश सतीश तिसऱ्या वर्षी गेला असता. तो इतकी वर्षं राहिला म्हणून आपला झाला. मर्यादा घालूच नका. येणाऱ्याला इथे राहायला सांगा.

अंबानगरी
आणि इथे म्हणजे अकोल्यातही चालेल, एवढं त्या नियमात लिहा. हंगाम नसताना त्यानं जिल्ह्यांत दोन महिने शिबिरं घ्यावीत. जाफरसारख्या माणसाला आमच्या पोरांनी फक्त मोबाइलवर पाहिलं आहे.

महालवाला
ताई, शिबिरांचं मान्य. दोन हंगामांवरून मी मागे हटणार नाही.