भिजलेल्या ज्वारीपासून इथेनॉल : आयोडीन चाचणी स्वच्छ, तरी उतारा कमी का?

प्रश्न (पदव्युत्तर विद्यार्थी, मंगळवेढा) :
अवकाळी पावसात भिजून काळी पडलेली मालदांडी ज्वारी मी प्रकल्पासाठी वापरत आहे. पीठ पाण्यात कालवून ८५ अंश सेल्सिअसला अल्फा-अमायलेज हे विकर (एन्झाइम) दिल्यावर आयोडीनने स्टार्चची खूण असलेला निळा रंग येत नाही. म्हणून मिश्रण ३२ अंशांपर्यंत थंड करून यीस्ट घालतो, परंतु आंबवण लवकरच थांबते. विकराची मात्रा वाढवावी का? उरलेला चोथा घरच्या म्हशींना देता येईल का?

उत्तर १ :
मात्रा वाढवून उपयोग होणार नाही. अल्फा-अमायलेज स्टार्चच्या लांब साखळ्या मधूनच तोडते. कापडावरची खळ काढायला तेवढे पुरते, म्हणून कापड प्रक्रियेतही ते वापरतात. परंतु येथे मागे राहणाऱ्या लहान डेक्स्ट्रिनांना (स्टार्चच्या तुकड्यांना) आयोडीनने निळा रंग येत नसला, तरी यीस्टलाही ती पचवता येत नाहीत. त्यांचे ग्लुकोज करण्यासाठी ग्लुकोअमायलेज हे दुसरे विकर हवे. सामू (pH) ४.५ च्या आसपास आणून ते यीस्टसोबतच द्यावे, म्हणजे ग्लुकोज तयार होईल तसे वापरले जाईल आणि साखरेचा ताण यीस्टवर पडणार नाही. १ किलो स्टार्चपासून १.११ किलो ग्लुकोज व त्यापासून सुमारे ०.७२ लिटर इथेनॉल, ही सैद्धांतिक मर्यादा आहे. आपला उतारा नमुन्यातील प्रत्यक्ष स्टार्चशी ताडावा, ज्वारीच्या वजनाशी नव्हे.

उत्तर २ :
वरील मताशी सहमत आहे. त्यात एवढेच जोडतो की ज्वारी शिजताना तिच्यातील काफिरिन या प्रथिनाचे जाळे घट्ट होऊन काही स्टार्च त्यात अडकतो, त्यामुळे दळण बारीक असावे. शिवाय आंबवण स्वतःच उष्णता निर्माण करते आणि सोलापूरचा एप्रिल चाळिशीपार असतो. सुरुवातीला ३२ अंश असलेले मिश्रण दुपारपर्यंत कुठे पोहोचते, ते मोजावे आणि भांडे थंड पाण्यात ठेवावे. ऊर्ध्वपातनापूर्वी महाविद्यालयामार्फत राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या परवानगीची खात्री करावी.

उत्तर ३ :
म्हशींच्या प्रश्नाकडे दुर्लक्ष होऊ नये. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने खाण्यास अयोग्य धान्य इथेनॉलसाठी खुले केले, हे स्वागतार्हच आहे. परंतु काळ्या दाण्यावरील बुरशीचे विष आंबवणीत किंवा ऊर्ध्वपातनात नष्ट होत नाही. स्टार्च निघून गेल्याने वाळलेल्या चोथ्यात त्याचे प्रमाण मूळ धान्याच्या सुमारे तिप्पट होते आणि ते अफ्लाटॉक्सिन या प्रकारचे असल्यास त्याचा अंश दुधातही उतरतो. प्रयोगशाळेत तपासणी होईपर्यंत हा चोथा कोणत्याही जनावराला घालू नये.