‘व्हिस्कर्ड टर्न’ला मिशी द्यावी, दाढी द्यावी की कल्ले?

मूळ प्रश्न
पाणथळ जागांतील पक्ष्यांवरील लेखाचा अनुवाद करताना ‘व्हिस्कर्ड टर्न’साठी मी ‘मिशाळ सुरय’ असे लिहिले होते, ते तपासणाऱ्यांनी खोडून ‘दाढीवाली कुररी’ केले (‘सुरय’ आणि ‘कुररी’ हे दोन्ही शब्द ‘टर्न’ या पाणपक्ष्यासाठीच). वास्तविक या पक्ष्याला मिशीही नाही आणि दाढीही नाही. विणीच्या काळात डोक्यावरची काळी टोपी आणि छाती-पोटाचा गडद राखी रंग यांच्या मधून गालावर जो पांढरा पट्टा उतरतो, त्यावरून हे नाव पडले आहे. त्याला मराठीत काय म्हणावे?

पहिला प्रतिसाद
गालावर उतरतात ते कल्ले, म्हणून ‘कल्लेदार सुरय’. माझ्या आजोबांचे पांढरे कल्ले ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हा पक्षी वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

दुसरा प्रतिसाद
पाण्यावर मासे टिपणाऱ्या पक्ष्याच्या नावात ‘कल्ले’ आले, तर वाचकाला आधी माशाचे कल्लेच आठवतील. शिवाय तो शब्द फारसीतून आलेला आहे. ‘श्वेतकपोल कुररी’ म्हणावे. विलाप करणाऱ्या स्त्रीला कुररीची उपमा देण्याची संस्कृत काव्याची परंपरा फार जुनी आहे.

पहिल्याचे उत्तर
त्याच परंपरेतील ‘कुरर’ म्हणजे माशांवर जगणारा शिकारी पक्षी, असेही अनेक जण मानतात, मग संदिग्धता कुठे टळली? आणि दुर्बीण हातात घेऊन ‘श्वेतकपोल’ असे कोणी ओरडणार नाही.

तिसरा प्रतिसाद
मला ‘सुरय’ हा शब्द ‘सूर मारणे’ यावरून आला असावा असे वाटते, म्हणून तोच ठेवावा.

चौथा प्रतिसाद
नदी सुरयाला ही व्युत्पत्ती शोभेल, या पक्ष्याला नाही. दलदलीतले सुरय पाण्यात क्वचितच सूर मारतात. ते वाऱ्याच्या दिशेला तोंड करून संथ उडत राहतात आणि खाली झुकून पृष्ठभागावरचे किडे, बेडूकमासे व लहान मासे चोचीने उचलतात. ‘क्लिडोनियास’ या त्यांच्या प्रजातीनामाचे मूळ ग्रीक भाषेतील पाकोळीच्या नावात आहे, ते याच उडण्यामुळे पटते. शास्त्रीय नावाचा दुसरा भाग ‘हिब्रिडा’ म्हणजे संकर. 1811 साली नाव देताना निसर्गशास्त्रज्ञ पालास यांना हा दोन सुरयांचा संकर असावा असे वाटले होते. अर्थात शास्त्रीय नावसुद्धा गैरसमजावर उभे राहू शकते.

मूळ प्रश्नकर्ता
माझी अडचण आता वाढली आहे, कारण लेखातील छायाचित्र हिवाळ्यातले आहे. त्यात पोट पांढरे असून काळी टोपी डोळ्यामागच्या पट्ट्यापुरती आणि माथ्यावरच्या रेघांपुरती उरली आहे. कल्ले उठून दिसण्यासाठी खाली राखी रंगच नाही.

चौथ्याचे उत्तर
मग आधी पक्ष्याची खात्री करावी. हिवाळ्यात पांढऱ्या पंखांचा सुरय जवळजवळ असाच दिसतो, फक्त त्याची चोच बारीक आणि कंबर अधिक पांढरी असते. छायाचित्रात कंबर दिसते का?

दुसरा प्रतिसाद
कंबर कोणतीही असो, ‘कल्लेदार’ला माझा विरोध कायम आहे.