पाचव्या मजल्याचा डेक, चौथ्या मजल्याचा झोपाळा

शुभांगी ४०२: आज गुड मॉर्निंग म्हणायची इच्छा नाहीये. आमच्या डेकच्या छताचं प्लास्टर पहाटे झोपाळ्यावर पडलं, चांगलं थाळीएवढं, आणि वर सळई उघडी दिसतेय, तिचे पण पापुद्रे निघतायत. बाबा रोज साडेसहाला तिथेच चहा घेऊन बसतात, आज पाणी उशिरा आलं म्हणून बसले नव्हते. तीन फोटो टाकलेत, बघा.

प्रदीप ३०४: बापरे!! काका ठीक ना?

शुभांगी ४०२: ते ठीक आहेत. झोपाळ्याची फळी गेली.

केतन ५०२: वहिनी खरंच वाईट वाटलं, पण लीकेज आमच्याकडून नाही हां. आमच्या डेकला सागाचं फ्लोरिंग आहे, २०१९ ला केलंय, एकदम कोरडं असतं, आम्ही तिथे पाणी टाकतच नाही.

नाना २०३: केतन, पाऊस टाकतो.

सुहास (सेक्रेटरी): मी कॉन्ट्रॅक्टरला फोन केलाय, उद्या येऊन प्लास्टर मारून रंग देऊन जाईल. पावसाच्या आत उरकून टाकू.

नाना २०३: सुहास, थांबव त्याला. मागच्या वर्षी २०२ च्या डेकला हेच केलं ना आपण? आता बघून ये, पॅच जागेवर आहे आणि पॅचच्या शेजारी दोन्ही बाजूंनी तपकिरी रेघ आलीय. गंज पॅचमध्ये नसतो रे, तो शेजारी सरकतो. जुन्या काँक्रीटमध्ये खार मुरलेला, मधे नवं कोरं मटेरियल भरलं की त्याच सळईचा शेजारचा भाग आधीपेक्षा जोरात गंजायला लागतो. चाळीस वर्षं साइटवर घालवली, हे एवढ्या वेळा पाहिलंय की पॅच दिसला की मी आधी त्याच्या आजूबाजूला हातोडीने ठोकतो. बद्द वाजलं की समजायचं, आत पोकळ आहे.

मंगेश १०१: नाना पण एवढं सळई उघडं पडण्यासारखं काय झालं, बिल्डिंग काय शंभर वर्षांची नाहीये.

नाना २०३: १९९७ ची आहे. आणि समुद्र कुठे आहे? मुंबईत यारी रोडला राहतो आपण, संध्याकाळी चष्मा पुसला तर काचेवर चिकट लागतं ना, तेच मीठ काँक्रीटवर बसतं, पावसाच्या पाण्याबरोबर हळूहळू आत जातं आणि सळईपर्यंत पोचलं की लोखंड गंजतं. गंजलेलं लोखंड मूळच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत फुगतं, त्याला जागा पाहिजे, मग ते काँक्रीट फोडून बाहेर येतं. तुम्ही म्हणता प्लास्टर पडलं, खरं म्हणजे आतून ढकललं गेलंय. आता आयएस ४५६ (काँक्रीटचं भारतीय मानक) प्रमाणे समुद्राकाठच्या उघड्या काँक्रीटला सळईवर ४५ मिलीमीटर कव्हर, म्हणजे सळई झाकणारा काँक्रीटचा थर, लागतं. शुभांगीच्या दुसऱ्या फोटोत बघा, करंगळीच्या नखाएवढं आहे. त्या काळच्या सेंटरिंगवाल्याने सळईखाली ठोकळा ठेवायचा कंटाळा केला, त्याचं बिल आता आपण भरायचं.

शुभांगी ४०२: नाना मग आज काय करू ते सांगा.

नाना २०३: आधी झोपाळा काढ. त्याच्या कड्या त्याच स्लॅबला आहेत ना? डेकचं दार बंद, कुणी जायचं नाही, खाली बी विंगच्या कडेच्या गाड्या हलवा. सुहास, ४०२ आणि ३०२ दोन्हीकडे टेकू लावून घे, आजच्या आज.

सुहास (सेक्रेटरी): ओके. सेंटरिंगवाल्याला बोलावतो. गाड्या ज्यांच्या असतील त्यांनी प्लीज काढा.

प्रदीप ३०४: खर्च कोणाचा हा प्रश्न आहेच पण.

केतन ५०२: सोसायटीचाच, स्ट्रक्चर आहे ते.

प्रदीप ३०४: आणि वर लाकूड ठोकलं ते पण स्ट्रक्चर का?

*हा मेसेज डिलीट करण्यात आला*

सुहास (सेक्रेटरी): भांडू नका. बायलॉजमध्ये घरांच्या स्लॅबचं स्ट्रक्चरल रिपेअर आणि पावसाच्या पाण्याचं लीकेज सोसायटीकडे आहे, त्यामुळे स्लॅबचं काम रिपेअर फंडातून होईल. सभासदाने स्वतः वर जे बसवलंय ते काढण्या-बसवण्याचा खर्च त्याचा.

केतन ५०२: म्हणजे माझा डेक उखडणार तुम्ही? सात वर्षांत एक थेंब नाही, इंटेरिअरवाल्याने सगळे स्टेनलेस स्टीलचे स्क्रू वापरलेत, रिपा मारून वर पाट्या, खालून हवा खेळती आहे.

नाना २०३: रिपा स्लॅबला कशा धरल्यात?

केतन ५०२: स्क्रूनेच. ड्रिल करून, प्लग टाकून.

नाना २०३: किती रिपा, किती अंतरावर स्क्रू?

केतन ५०२: ८ रिपा असतील, प्रत्येकीला ५-६ स्क्रू

नाना २०३: म्हणजे वॉटरप्रूफिंगला पन्नासेक भोकं. वरून कीर्तन, आतून तमाशा. रविवारी चार पाट्या उघडू, बघू तर खरं, कदाचित माझंच चुकत असेल.

(रविवार)

केतन ५०२: ठीक आहे, मीच सांगतो. चार पाट्या काढल्या. वरून मस्त होत्या, खालून काळ्या. स्क्रूच्या भोवती लाकडाला काजळ लावल्यासारखे काळे गोल पडलेत आणि तीन स्क्रूची डोकी काढताना तुटून हातात आली. खाली चिखल होता, पाऊस जाऊन सात महिने झाले तरी ओला, कारण (आता हसू नका) एसीचा पाइप. बेडरूमच्या एसीच्या पाण्याचा पाइप फिटिंगवाल्याने पाट्यांच्या खाली सोडून दिलाय, रोज रात्री पाणी तिथेच जातंय, आम्हाला पत्ताच नाही. आणि नहाणीच्या, म्हणजे डेकचं पाणी जायच्या भोकाच्या, जाळीवर मुठीएवढा गोळा: कुंडीची माती, केस, दोन कपड्याच्या क्लिपा आणि मुलाचा हरवलेला बुद्धिबळाचा उंट.

प्रदीप ३०४: उंटानेच पाणी अडवलं म्हणायचं.

नाना २०३: हे तू लिहिलंस हे आवडलं मला केतन. आता ते काळं डाग प्रकरण: सागात टॅनिन असतं, त्याला साधं लोखंड लागलं की काळं पडतं. स्टेनलेस म्हणून दिलेले स्क्रू सगळे स्टेनलेस नव्हते, नुसता पांढरा मुलामा होता. आणि खरं स्टेनलेस सुद्धा दोन जातीचं मिळतं, ३०४ आणि ३१६. ३१६ मध्ये दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं म्हणून खाऱ्या हवेत टिकतं. ३०४ ला इथे चहाच्या डागासारखे ठिपके येतात, सगळ्यांनी आपापल्या काचेच्या रेलिंगचे पाय बघा. लोहचुंबक लावून दुकानदार दाखवेल बघा चिकटत नाही म्हणून, त्याला भुलू नका, दोन्ही चिकटत नाहीत.

मंगेश १०१: सागाऐवजी डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिळून केलेल्या पाट्या) टाकलं तर? भाचीने ठाण्याला टाकलंय, पॉलिश-बिलिश काही नको म्हणते.

नाना २०३: चालेल, पण त्याला पण खाली जागा लागतेच, आणि ते उन्हाने लांबतं, टोकाला भिंतीशी फट ठेवली नाही तर पाट्या उचलतात. आणि मेमध्ये अनवाणी चालून दाखवा त्यावर.

मालतीताई ६०१: आमच्या माहेरी वेसाव्यात लाकडाच्या होड्या होत्या तेव्हा वर ओढल्या की घासून पुसून माशाच्या काळजाचं तेल फासायचे, वास यायचा पण लाकूड लोखंडासारखं. आता सगळं फायबर. केतन तू पण तेल लाव बाबा, ते चकचकीत पॉलिश नको.

केतन ५०२: ताई माशाचं तेल लावलं तर बायको मलाच डेकवर झोपवेल

नाना २०३: मालतीताई बरोबर आहेत. व्हार्निशचा थर समुद्राकाठी उन्हापावसात वर्षा-दोन वर्षांत पापुद्रे धरतो आणि खाली पाणी कोंडतं. टीक ऑइल वर्षातून एकदा, पाऊस गेल्यावर लाकूड वाळलं की. तारेचा ब्रश लाकडाला लावू नका, त्याचे बारीक कण अडकतात आणि पुन्हा तेच काळे ठिपके. आणि आठवड्याला एक बादली साध्या पाण्याने डेक आणि रेलिंग धुवायचं, मीठ उतरलं पाहिजे.

सुहास (सेक्रेटरी): नाना आता स्लॅबचं फायनल सांगा, कोटेशन त्याप्रमाणे मागवतो.

नाना २०३: ऐक. खालचं सगळं पोकळ वाजणारं काँक्रीट फोडायचं, सळईच्या मागून पण, चकचकीत लोखंड दिसेपर्यंत. सळई बारीक झाली असेल तर कन्सल्टंटने सांगितल्याप्रमाणे नवी जोडायची, कॉन्ट्रॅक्टरच्या अंदाजाने नाही. मग साध्या पाण्याने धुऊन झिंकचा प्रायमर, पॉलिमरचं मॉर्टर, सिमेंट-रेती कालवून थापायचं नाही. कन्सल्टंटकडून काँक्रीटमधल्या खाराची टेस्ट आणि हाफ सेल (सळई कुठे गंजत असावी ते दाखवणारी टेस्ट) करून घे, नाहीतर पॅचच्या शेजारची गोष्ट परत. स्लॅबच्या कडेला खालून ड्रिप मोल्ड, एक छोटी खाच असते, पाणी कडेवरून आत वळायच्या आधीच गळून पडतं, आपल्या एकाही डेकला नाहीये आणि खर्च म्हणाल तर काहीच नाही. वरून उतार नहाणीकडे, भिंतीला वाटा (भिंत-फरशीचा कोपरा गोल करायचा), वॉटरप्रूफिंग, मग तीन दिवस पाणी भरून ठेवायचं, दोन तासात “झालं साहेब” म्हणेल त्याचं ऐकायचं नाही. लाकूड परत बसवायचं तर पायांवर ठेवून, ड्रिल नाही, पाट्यांमध्ये ५-६ मिलीमीटर फट आणि नहाणीवरची पाटी उचलता आली पाहिजे.

सुहास (सेक्रेटरी): आणि स्ट्रक्चरल ऑडिट? शेवटचं २०१६ ला झालं होतं, दर ५ वर्षांनी पाहिजे होतं. पुढच्या वर्षी बिल्डिंगला ३० वर्षं पूर्ण होतायत म्हणजे महापालिका कायद्याच्या कलम ३५३बी चं, बिल्डिंग सुरक्षित असल्याचं सर्टिफिकेट पण लागणार महापालिकेला.

नाना २०३: म्हणून सगळ्या डेकची टेस्ट एकदमच करून घे. १ जूनला मासेमारी बंद होते, होड्या वर येतात, त्याच्या आत आपलं उघडं काम झाकलं गेलं पाहिजे. ११ जूनला मुंबईत पाऊस धरायचा असतो, वाट बघत बसून कन्सल्टंट शोधला तर हातात प्लास्टिकचा कागद घेऊन उभे राहू. तौक्ते वादळ आलं तेव्हा मे महिनाच होता, विसरू नका.

सुहास (सेक्रेटरी): कन्सल्टंट मंगळवारी ११ वाजता. २०२, ३०२, ४०२, ५०२ घरी थांबा. बाकीच्यांनी डेकवरच्या कुंड्या कडेला घ्या, फरशीला चिकटवलेलं काही असेल तर मला पर्सनलवर सांगा, ग्रुपवर सांगायची गरज नाही.

केतन ५०२: माझ्याकडून तरी काही लपलेलं उरलं नाहीये

शुभांगी ४०२: नाना, बाबा विचारतायत झोपाळा परत कधी लावायचा.

नाना २०३: त्या स्लॅबला कधीच नाही. स्टँडवाला घ्या.

शुभांगी ४०२: बाबा म्हणतात स्टँडवाला म्हणजे हलणारी खुर्ची. आणि तुम्हाला चहाला बोलावलंय, खालच्या बाकावर.