स्कायडायव्हिंगचं ए लायसन्स मिळालं, आता पुण्यात बसून पुढे काय? (मदत हवी आहे)

लोकहो, धागा जरा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

मी बाणेरला आयटीत. थायलंडला पटायाजवळ एएफएफ (इन्स्ट्रक्टर सोबत उडी मारून शिकवतात तो) कोर्स केला, मग लायसन्ससाठी लागणाऱ्या २५ उड्या, पॅकिंग, लँडिंग अॅक्युरसी वगैरे उरकून यूएसपीएचं (अमेरिकेतली पॅराशूट संघटना) ए लायसन्स, म्हणजे पहिल्या पायरीचं, घेतलं. घरी पेढे वाटून झाले, सोसायटीतल्या काकूंचं "म्हणजे त्या शीतल महाजनसारखं का गं?" पण विचारून झालं (काकू, त्यांनी २००४ साली उत्तर ध्रुवावर उडी मारलीये, मी अजून वाऱ्याची दिशा दाखवणारा विंडसॉक कुठाय ते शोधत असते). आता खरा प्रश्न.

शिकत असताना बरं होतं, इन्स्ट्रक्टर सांगेल ते करायचं. लायसन्स हातात आलं आणि एकदम कोणी विचारेना. मॅनिफेस्टला (उड्यांची नोंदणी करतात ते टेबल) नाव द्या, लोडवर, म्हणजे विमानाच्या त्या फेरीत, बसा, एकटीनेच १३,००० फुटांवरून उडी मारा, मिनिटभर फ्रीफॉल, खाली येऊन गुमान पॅक करा. बाकीचे चार-चार, सहा-सहा जणांचे ग्रुप करून फॉर्मेशन करत असतात आणि नवीन माणसाला कोण घेणार, त्यात त्यांचंही चुकत नाही म्हणा, माझी पडायची स्पीड अजून कमीजास्त होते आणि वरून कोणाच्या पाठीवर जाऊन आदळले तर दोघांचाही कार्यक्रम.

दुसरी कटकट म्हणजे करन्सी, म्हणजे उड्यांमध्ये फार खंड पडू न देणं. ए लायसन्सवाल्याने ६० दिवस उडी मारली नाही तर पुढची उडी इन्स्ट्रक्टरच्या देखरेखीखाली मारावी असं यूएसपीए सांगते. ते योग्यच आहे, पण पुण्यात राहून दर दोन महिन्यांनी थायलंड किंवा दुबई कोणाला परवडणार, रजा कोण देणार. हरियाणात नारनौलला चालतं ते मुख्यतः टँडेम, म्हणजे इन्स्ट्रक्टरला बांधून मारायची उडी. त्यामुळे मी दर वेळी रिफ्रेशरपासूनच सुरुवात करणार असं दिसतंय. घरी सराव सोडलेला नाहीये, रोज सकाळी दिवाणावर पालथी पडून आर्च (फ्रीफॉलमधली कमान) करते, मग पॅराशूट बिघडलं तर काय करायचं ते: मान खाली, बघ, धर, उजवीकडचं कटअवे (बिघडलेलं पॅराशूट सोडून द्यायचं हँडल), डावीकडचं रिझर्व्ह (राखीव पॅराशूटचं). कामाच्या मावशींनी पहिल्यांदा बघितलं तेव्हा केरसुणी तशीच हातात धरून उभ्या, म्हणे "ताई, पाठ धरली का?"

तर मुद्दा. तिथल्या एका ओळखीच्या जंपरने जुनी रिग (पॅराशूटचा पूर्ण संच) देऊ केलीये, किंमत चांगली आहे, मेन कॅनॉपी, म्हणजे मुख्य पॅराशूटचं कापड, १३५ चौरस फुटांची. माझं वजन ६० किलो, रिग-हेल्मेटसकट ७१ च्या आसपास, म्हणजे साधारण १५६ पाउंड. तो म्हणतो तू बारीक आहेस, चालेल तुला. शाळेच्या भाड्याच्या रिगला १९० चा कॅनॉपी होता. वर्षभराचं बजेट एकच आहे, त्यात एकतर ही रिग घ्यायची नाहीतर उड्या आणि हैदराबादच्या विंड टनेलचा (खालून येणाऱ्या वाऱ्यावर तरंगत फ्रीफॉलचा सराव करायचा बोगदा) वेळ. काय करू? आणि कामशेतला पॅराग्लायडिंग केलं तर कॅनॉपीचा हात बसेल का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

ढगातली_ठमी:
अभिनंदन गं! आता कान उपटते. १५६ भागिले १३५ म्हणजे विंग लोडिंग (कॅनॉपीच्या दर चौरस फुटावर किती पाउंड) १.१५ च्या वर. नवीन माणसाने १.० च्या आत राहायचं असतं, आणि तुझ्यामाझ्यासारख्या हलक्या लोकांना हा आकडा फसवतो, कारण लोडिंग तेच असलं तरी छोटा कॅनॉपी जास्त चपळ असतो, टॉगल (वळवायची दोरी) जरा ओढला की गर्रकन फिरतो आणि तेवढीच उंची खातो. लोकांचे पाय मोडतात ते धडधाकट उघडलेल्या कॅनॉपीखाली, शेवटच्या शंभर फुटांत वळण घेऊन. १९० वरून थेट १३५ अजिबात नको. आधी १७० वर ये, तेही कोचला विचारून. "चालेल तुला" म्हणणारा विकणारा आहे हे विसरू नकोस.

भाड्याचीच रिग वापर सध्या. पुढेमागे घेशीलच तेव्हा आधी स्वतंत्र रिगरला (रिग तपासणारा तंत्रज्ञ) दाखव, एएडीची (वेळेत पॅराशूट उघडलं नाही तर रिझर्व्ह आपोआप उघडणारं यंत्र) उत्पादन तारीख बघ (त्याला आयुष्य असतं, संपलं की फेकायचं), रिझर्व्ह शेवटचा कधी तपासून पुन्हा घडी घातलाय ते कार्डावर बघ. आणि लोहगावला सिक्युरिटीत एएडीचं एक्स-रे कार्ड जवळ ठेव, नाहीतर ते डबडं काय आहे हे सीआयएसएफवाल्यांना समजावताना विमान निघून जाईल.

ग्रुपचं म्हणशील तर कोपऱ्यात उभं राहून कोणी बोलावत नाही. मॅनिफेस्टला जाऊन लोड ऑर्गनायझर (ग्रुप जुळवून देणारा) कोण आहे विचार, टू-वे, म्हणजे दोघांच्या उडीपासून, सुरुवात कर. टनेलमध्ये पडायची स्पीड जुळवायला शिकलीस की लोक आपणहून घेतात. ट्रॅकिंग (फ्रीफॉलमध्ये आडवं सरकत इतरांपासून लांब जाणं) मात्र टनेलमध्ये येत नाही हां, ते आकाशातच.

कामशेतकर:
पॅराग्लायडिंग जरूर करा, पण त्यासाठी म्हणून करा. आमचा ग्लायडर एक मीटर उतरताना आठ-नऊ मीटर पुढे जातो, तुमचा कॅनॉपी अडीच-तीन. फ्लेअरचं (उतरताना शेवटी ब्रेक ओढण्याचं) टायमिंग इथलं तिथे नेलंत तर आपटाल. वारा वाचायला मात्र शिकाल, टेकडीमागचा रोटर (भोवऱ्यासारखा फिरणारा वारा) काय चीज आहे ते इथे चांगलं कळतं.

खडूस_काका_सपे:
चांगल्या चालत्या विमानातून उडी का मारायची हे आम्हाला या जन्मात कळणार नाही. असो. आयुष्य इन्शुरन्समध्ये गेलं म्हणून सांगतो, हेल्थ पॉलिसीत धोकादायक खेळांचं एक्सक्लुजन व्यावसायिक म्हणून खेळणाऱ्यांसाठी असतं, पण ट्रॅव्हल पॉलिसीत हौशी लोकांनाही वगळलेलं असू शकतं. कंपनीला मेल करून लेखी उत्तर घे. एजंटच्या "हो हो मॅडम" वर जाऊ नकोस.

धागाकर्ती:
सगळ्यांना धन्यवाद. काका, मेल आत्ताच टाकला. ठमीताई, रिगवाल्याला "नको" म्हणून कळवलं, तो म्हणतो १५० ची पण आहे एक 😄 टनेलला पुण्याहून अजून कोणी येणार असेल तर सांगा, वेळ वाटून घेऊ, एकटीला खर्च झेपत नाही.

ढगातली_ठमी:
मी येते. १५० वाल्याला पण नाहीच म्हण. व्यनि केलाय, बघ.