सोलोव्योवचा 'किमान चांगुलपणा' आजच्या कायद्याच्या कामाचा आहे का?

न्यायप्रविष्ट:
रशियन धार्मिक तत्त्वज्ञान म्हटलं की आपण ते मठ-मेणबत्त्यांच्या खात्यात टाकून मोकळे होतो. पण व्लादिमीर सोलोव्योव (१८५३–१९००) कायद्याच्या विद्यार्थ्यांनी वाचायलाच हवा. त्याच्या मते कायदा म्हणजे नीतीचा सक्तीने वसूल करता येईल एवढाच किमान भाग. पृथ्वीवर स्वर्ग आणणं हे कायद्याचं काम नाही, तिचा अकाली नरक होऊ नये एवढंच त्याने पाहायचं. जनतेला 'सुधारायला' निघालेल्या सरकारांना हे ऐकवलंच पाहिजे.

तिरपागडा:
ऐकायला छान. पण हे 'किमान' ठरवणार कोण? सोलोव्योवनेच त्यात सन्मानाने जगण्याचा हक्क घातला. उदारमतवादी रशियन कायदेपंडित बोरिस चिचेरिनने त्याला १८९७ मध्येच धारेवर धरलं: कायदा स्वातंत्र्याच्या हद्दी आखतो, चांगुलपणाची वसुली करत नाही. सक्तीचं पुण्य एकदा मान्य केलं की धर्मन्यायालय फार लांब नसतं. आपण चिचेरिनच्या बाजूने.

न्यायप्रविष्ट:
@तिरपागडा, उपाशी माणसाला स्वातंत्र्याची हद्द दाखवून काय करणार? आणि सक्तीचं म्हणाल तर, मार्च १८८१ मध्ये झार दुसऱ्या अलेक्झांडरची हत्या झाली, तेव्हा पीटर्सबर्गच्या भर सभेत हाच माणूस म्हणाला, नवा झार ख्रिस्ती असेल तर त्याने मारेकऱ्यांना माफ करावं. पाच जण फासावर गेलेच. पण माणूस पुरता संपवणं कायद्याच्या अधिकारातच येत नाही, हे त्याने शेवटपर्यंत सोडलं नाही.

ओसरीवरची:
एका सभेवरून अख्खी परंपरा तोलू नका हो. स्लावप्रेमी, म्हणजे पाश्चात्त्य वाटेऐवजी रशियाच्या स्वतःच्या परंपरेवर भिस्त ठेवणारा, कॉन्स्टंटिन अक्साकोव्ह; त्याला हक्कांची लेखी हमीच वाईट वाटायची. राजा-प्रजेत विश्वास असला की झालं! १९०९ मध्ये 'वेखी' या लेखसंग्रहात कायदेतज्ज्ञ बोगदान किस्त्याकोव्हस्कीने याच वृत्तीवर आसूड ओढला. त्यासाठी त्याने कवी अल्माझोव्हची उपहासाची कविताच उद्धृत केली: आमचे विशाल रशियन स्वभाव कायद्याच्या अरुंद साच्यात मावत नाहीत म्हणे.
आणि २०१४ च्या सुरुवातीला क्रेमलिनने प्रांतपालांना वाचायला दिलेली पुस्तकं माहीत आहेत ना? इव्हान इलिन, बेर्दायेव्ह हे रशियन तत्त्वज्ञ आणि तुमचा सोलोव्योव.

न्यायप्रविष्ट:
दिली खरी, वाचली कोणी? त्यातल्या सोलोव्योवच्याच पुस्तकात फाशीविरुद्धचा युक्तिवाद आहे. पुस्तक कुणी वाटलं यावरून लेखकाला कशाला आरोपी करता?

तिरपागडा:
आरोपी नाहीच. पण त्या यादीत चिचेरिन नव्हता, मला तेवढं पुरे.