जुन्या विंडोज ७ वर मराठी मेनू आणि न उघडणारी हेल्प: सल्ला हवा

पानपलटी (धागाकर्ती): आईचा जुना लॅपटॉप आहे, विंडोज ७ होम प्रीमियम, २ जीबी रॅम, नेट क्वचितच लावतो. मेनू मराठीत करायचेत. शिवाय तिच्या हिशेबाच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये एफ१ दाबलं की हेल्प उघडतच नाही, फाईल डॉट एचएलपी आहे. अटी तीन: खर्च शून्य, फॉरमॅट नाही, प्रोग्रॅम बदलायचा नाही.

शाईदौत: एसएसडी टाका आणि रॅम ८ जीबी करा. मी केलंय, मशीन नुसतं पळतंय!

पानपलटी: खर्च शून्य लिहिलंय हो वर. आणि प्रश्न भाषेचा आहे, स्पीडचा नाही.

टर्मिनलवाला: विंडोज काढून लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टम टाका. भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी निवडायची, सगळ्या सिस्टमला लागू करायची, लॉगआउट, संपला विषय. विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० लाच संपलाय, अजून कशाला धरून बसायचं? हिशेबाचा प्रोग्रॅम वाइनमध्ये (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणारं सॉफ्टवेअर) चालून जाईल.

कुंपणावरचा: 'चालून जाईल'च्या भरवशावर कुणाच्या आईचा हिशेब सोडू नका राव. त्यांनी फॉरमॅट नको म्हटलंय ना.

खटपट्या: आधी भाषेचं. पूर्ण लँग्वेज पॅक विंडोज ७ च्या फक्त अल्टिमेट आणि एंटरप्राइझ आवृत्त्यांवर बसतात, पण मराठीसाठी लँग्वेज इंटरफेस पॅक (मुख्य मेनूंपुरतं भाषांतर) आहे, तो होम प्रीमियमवरही चालतो, फुकट आहे, फक्त मूळ विंडोज इंग्रजी हवं. ३२ आणि ६४ बिटची फाईल वेगळी असते, विंडोज की आणि पॉज दाबून आपलं कुठलं ते बघून घ्या. फाईल चालवा, मग कंट्रोल पॅनेलमध्ये रीजन अँड लँग्वेज, तिथे कीबोर्ड्स अँड लँग्वेजेस टॅबवर डिस्प्ले लँग्वेज बदला, लॉगऑफ करा. प्रत्येक युजरला वेगळी भाषा ठेवता येते, तुमचं खातं इंग्रजीच राहू द्या म्हणजे काही अडलं तर शोधता येईल.

हेल्पचं दुखणं वेगळं आहे. डॉट एचएलपी उघडणारा विनहेल्प हा प्रोग्रॅम व्हिस्टापासून (७ च्या आधीची आवृत्ती) विंडोजमध्ये येतच नाही. विंडोज ७ साठी तो वेगळा बसवायचा, अपडेटचा नंबर केबी ९१७६०७. व्हिस्टाची फाईल ७ ला चालत नाही.

शाईदौत: आणि विंडोज १० वर?

खटपट्या: १० साठी मायक्रोसॉफ्टने विनहेल्प दिलाच नाही. या बाबतीत जुनं मशीनच बरं!

उलटतपासणी: फाईल कुठल्यातरी भलत्या साईटवरून घेऊ नका, मी अशीच एक उतरवली तर ब्राउझरचं होमपेजच बदललं आणि ते काढता काढता अख्खी संध्याकाळ गेली. राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिजिटल सिग्नेचर्स, तिथे मायक्रोसॉफ्टचं नाव नसेल तर हात लावू नका.

निवांत_कोपरा: आमच्याकडे तो मराठी पॅक आहे. नेहमीचे मेनू मराठीत येतात, आतल्या खिडक्या बऱ्याच इंग्रजीच राहतात आणि विंडोजची हेल्पही इंग्रजीच. त्यामुळे हेल्पमध्ये एका बटणाचं नाव इंग्रजीत वाचायचं आणि स्क्रीनवर ते मराठीत शोधायचं, बाबा वैतागतात.

अक्षरबाग: अवांतर: ऑफिस २०१० असेल तर त्यात मेनूची आणि हेल्पची भाषा वेगवेगळी निवडता येते.

रात्रपाळी: एसएसडीला +१.

टर्मिनलवाला: मिंट मिंट मिंट. परत विचारायला याल तेव्हा आहेच मी.

पानपलटी: सगळ्यांचे आभार. खटपट्या, अपडेट माझ्या जुन्या बॅकअपमध्ये सापडला, सही तपासून बसवला, एफ१ दाबलं की हेल्प उघडते, शोधही चालतोय. मराठी पॅकही घालून पाहिला, पण आईनंच काढायला लावला. म्हणाली, मला मेनूतल्या जागा पाठ आहेत, तू शब्द बदललेस की मी परत सगळं वाचत बसणार, मला मराठी टाइप करता येतंय तेवढं बास. तेव्हा मेनू इंग्रजीच. मिंट नको आणि एसएसडीही नको. आता हेल्पमधली वर्षअखेरीची पानं तिला छापून हवीत. विनहेल्पमधून सगळा विभाग एकदम छापता येतो की एकेक पान उघडावं लागतं?