स्लॅम पोएट्री: नुसता आरडाओरडा?
स्लॅम पोएट्री म्हणजे प्रेक्षकांसमोर कविता सादर करून गुण मिळवायची स्पर्धा. तिच्याबद्दल कुणीतरी म्हटलंय की स्लॅम म्हणजे नुसता आरडाओरडा, कागदावर वाचली तर ती कविता उरतच नाही. मलाही पहिले दोन-तीन व्हिडिओ बघून अगदी असंच वाटलं होतं, पण मग एकदा हेडफोन लावून डोळे मिटून ऐकलं आणि लक्षात आलं की ही कविता लिहितानाच श्वास, थांबे, आवाजाची चढउतार धरून लिहिलेली असते, त्यामुळे तिला फक्त कागदावर तपासणं म्हणजे तिच्यावर अन्यायच आहे.

आणि याची सुरुवात कशी झाली ते तर मला फारच आवडतं. शिकागोत मार्क स्मिथ नावाचा बांधकामावर काम करणारा माणूस, त्याला कवितावाचनाचे कार्यक्रम रटाळ वाटायचे, म्हणून त्याने १९८६ मध्ये ग्रीन मिल या जॅझ क्लबमध्ये स्लॅम सुरू केलं. परीक्षक म्हणून प्रेक्षकांतलेच पाच जण उचलायचे, त्यांनी शून्य ते दहा गुण द्यायचे, सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी गुण काढून टाकायचे. साधारण तीन मिनिटं वेळ, जास्त घेतला तर गुण कापणार. वाद्य नाही, वेशभूषा नाही, हातात वस्तू नाही, म्हणजे उभा राहणारा फक्त शब्द आणि शरीर यांच्या भरवशावर!

प्रेक्षकही गप्प बसत नाहीत, ओळ आवडली की चुटक्या वाजवतात, म्हणजे कवितेची लय तुटत नाही आणि दादही पोचते. गुणांसाठी लिहिलं की सगळ्या कविता एकाच सुरात यायला लागतात हे मात्र खरंय, तेवढं मला खटकतं.